कडीतली गाठ

“वहिनी, ही गाठ कुठून शिकलात हो? पतंग उडवताना तर तुम्हाला कधी पाहिलं नाही!” गच्चीवर शेजारच्या काकू आईला हसून विचारत होत्या. आईने शेजारच्या मुलांच्या मोठ्या पतंगाच्या कडीतून दोरा दोनदा ओवला, तोंडात धरून ओला केला आणि आवळताना मान कलती करून गाठ कानाजवळ नेली.

बाबा असंच ऐकायचे. कोरडी गाठ आवळताना करकरते आणि करकरलेला दोरा वर गेल्यावर तुटतो, म्हणायचे. ते गेल्यापासून आईने घरात त्यांचं नाव काढलेलं नाही, म्हणून मीही काढत नाही. मला वाटायचं, ती त्यांना हळूहळू पुसून टाकते आहे. पण इतकी वर्षं दोऱ्याची चक्री धरून ती त्यांच्या शेजारी उभी राहिली होती. माणूस जातो आणि त्याची कलती मान दुसऱ्याच्या खांद्यावर येऊन राहते. क्षणभर मला आईकडे बघवेना.

“अशीच, बघून बघून,” आई पुटपुटली आणि थांबली. तिची बोटं अजून गाठीवरच होती.

मी म्हणाले, “काकू, ही बाबांची गाठ आहे.”