एका रविवारी केलेल्या आठ वर्षांच्या सह्या

आमच्या संस्थेच्या अध्यक्षांना मी आजही नमस्कार करत नाही. हिंगोलीच्या क्लासमध्ये इतिहास शिकवायला जाताना सेनगावच्या स्टँडवर ते दिसले, की मी सरळ पाठ फिरवतो. त्यांनाही ते कळतं. कळू दे.

एम.ए., बी.एड. होऊन मी त्यांच्या शाळेत सहावी ते आठवीला इतिहास शिकवू लागलो. शाळा विनाअनुदानित, म्हणजे काम बिनपगारी. "अनुदान आलं की पहिला नंबर तुमचाच, सर," हे वाक्य मी आठ वर्षं ऐकलं. शाळा सुटली की सासऱ्याच्या सोयाबीनमध्ये राबायचं. "इतिहासाला काय लागतं, पुस्तक वाचून दाखवायचं," असं गणिताचे मास्तर सगळ्यांसमोर म्हणायचे. त्यांच्या शिकवण्या जोरात होत्या, त्यामुळे तोंडही जोरात.  

अनुदानाची कुणकुण लागली तेव्हा मुख्याध्यापकांनी आम्हाला एका रविवारी शाळेत बोलावलं. टेबलावर कोरी मस्टरं आणि मूठभर पेनं.

"जुने मस्टर उंदरानं खाल्ले, सर. तपासणी येऊन राहिली. बराबर सह्या करून टाका, अन् पेन बदलत राहा. नावं कारकून लिहील मागून. तुमी तिसऱ्या ओळीत करा."

"तिसऱ्या काहून? मी दुसऱ्या नंबरला लागलो न्हाई का?"

"ओळीनं काय होतंय, सर?"

शाळेत उंदीर होते, हे खरं. पण ते खिचडीचा तांदूळ सोडून हजेरीची पुस्तकं खातात, हे मला पटलं नव्हतं. अनुदान हवं होतं म्हणून मी ते पटवून घेतलं. भजी आली, चहा आला. पावसाळ्याला काळं पेन, उन्हाळ्याला निळं, असं करत आम्ही हसतखेळत आठ वर्षं भरून काढली.

दुसऱ्या ओळीत मागाहून अध्यक्षांची सून येऊन बसली. लग्न होऊन ती या गावात आली, तेव्हा मला शाळेत पाच वर्षं झाली होती. पंगतीत बुंदी मीच वाढली होती! मस्टरवर मात्र ती माझ्याआधीपासून हजर. इतिहासाची जागा एकच मंजूर झाली, ती ज्येष्ठ म्हणून तिला मिळाली.

मी तक्रार केली. हिंगोलीला शिक्षणाधिकारी साहेबांपुढे सुनावणी झाली. साहेबांनी मस्टर माझ्याकडे फिरवलं.

"ही सही तुमचीच?"

"व्हय, साहेब."

"मग या बाई वरच्या ओळीत आठ वर्षं सही करत होत्या, तेव्हा तुम्हाला दिसलं नाही?"

"त्या नव्हत्याच, साहेब. सगळं एका रविवारी लिहिलंय."

"म्हणजे खोट्या मस्टरवर तुम्हीही सह्या केल्या. लिहून द्या, मी आत्ता चौकशी लावतो."

त्यांनी कोरा कागद पुढे केला. पलीकडे अध्यक्ष छताकडे बघत होते. लिहिलं असतं तर ते अडकले असते आणि मीही. मी कागद परत सरकवला.

घरी बायको दारातच उभी होती. "काय झालं?"

"साहेबानं पैसे खाल्लेत," मी म्हणालो.

ती त्या साहेबाला आजही शिव्या देते. मी तिला अडवत नाही.