सांगाड्याला चालायला शिकवताना

लहानपणी मोहने गावातल्या आमच्या घरी मुलांची मासिकं यायची. त्यात एखादी तरी गोष्ट सांगाड्याची असायचीच. पडक्या किल्ल्यात हाडं खुळखुळायची, कवटी दात विचकून हसायची आणि मी पांघरुणात डोकं खुपसायचे. पप्पा तेव्हा कारखान्यात पाळीवर जायचे. भुताखेतांवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. पण ते मला ओरडायचे नाहीत. मासिक हातात घेऊन चित्र नीट बघायचे आणि विचारायचे, "याला मांस नाही, शिरा नाहीत. मग हा चालतो कशाच्या जोरावर?"

मी त्यावर विचार करत बसायचे. त्या नादात भीती कमी व्हायची आणि तो सांगाडा आवडायला लागायचा.

पुढे मी ॲनिमेशन शिकले, घोडबंदर रोडवरच्या एका गेम स्टुडिओत लागले आणि ठाकुर्लीला खोली घेतली. तिथलं माझं पहिलं मोठं काम म्हणजे तळघरातून उठणारी सांगाड्यांची फौज. त्यांचं चालणं, वार करणं, कोसळणं आणि परत उठणं, सगळं माझ्याकडे होतं.

गेममध्ये सांगाडा हा सगळ्यात खालचा शिपाई. त्याला नाव नसतं, हातात गंजकी तलवार असते, आणि खेळणारा त्याच्यावरच हात साफ करून पुढे जातो. तरी मला त्याचं कौतुक वाटतं. त्याला डोळे नाहीत, भुवया नाहीत, ओठ नाहीत. राग, दुःख, थकवा, काहीही दाखवायचं तर फक्त हाडांच्या हालचालीतून. आणि तो ते दाखवतो. मान जरा खाली गेली की तो हरलेला वाटतो, जबडा उघडा राहिला की गोंधळलेला. एवढ्या कमी सामानात एवढं काम करणारं दुसरं पात्र मला माहीत नाही.

पण माझा सांगाडा चालेना. म्हणजे चालत होता, अगदी झकास चालत होता, हीच अडचण होती. आमच्या टीमची लीड माझ्याहून थोडी मोठी होती, बोलायला सरळ. तिने स्क्रीनवर बघितलं आणि म्हणाली, "हा सांगाडा नाहीये गं. हा डाएटवर गेलेला माणूस आहे. मांड्यांमध्ये ताकद असल्यासारखा चालतोय."

त्याच आठवड्यात पप्पा बिल्डिंगच्या जिन्यात घसरले. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. मी लॅपटॉप घेऊन मोहन्याला गेले. हॉस्पिटलमध्ये पप्पांनी एक्स-रे मागून घेतला, खिडकीशी धरून बराच वेळ बघितला. "इतकी वर्षं यानेच मला उचललं," ते म्हणाले, "आणि मी आज पहिल्यांदा बघतोय याला."

घरी आल्यावर फिजिओथेरपिस्ट यायला लागली. तिने वॉकर पुढे ठेवला आणि पप्पांना उभं केलं. ते लगेच चालले नाहीत. आधी दोन्ही हात घट्ट केले, खांदे वर घेतले, मग कंबर सरकवली आणि सगळ्यात शेवटी पाय आला. शरीराच्या एकेका भागाला वेगळा निरोप द्यावा लागतोय असं ते चालणं होतं. दुखत होतं हे तोंडावर दिसत होतं, पण ते भिंतीपर्यंत गेले, वळले आणि परत आले. फिजिओथेरपिस्ट म्हणाली, "काका, आज पुरे." ते म्हणाले, "अजून एकदा."

ती गेल्यावर मी बिचकतच विचारलं, "पप्पा, तुमच्या चालण्याचा व्हिडिओ काढू?"

"कशाला?"

"माझा सांगाडा नीट चालत नाहीये."

त्यांना वाईट वाटलं असेल असं वाटून मी विषय बदलणार होते. तेवढ्यात ते म्हणाले, "काढ. पण लुंगीवर नको. पँट दे माझी."

मग रोज सकाळी व्यायामाच्या वेळी मी शूटिंग करायचे. पप्पांनी ते कारखान्यातल्या कामाइतकंच मनावर घेतलं. "पायाकडे बघू नकोस," ते सांगायचे. "पाय उचलायच्या आधी खांदा तयारी करतो, ते बघ. आणि वजन एकदम टाकता येत नाही, आधी चाचपून बघावं लागतं." आई स्वयंपाकघरातून म्हणायची, "बाप-लेक दोघंही कामाला लागलेत." पण तिलाही बरं वाटत होतं. व्यायाम चुकवायचं नावच निघत नव्हतं.

मी सांगाड्याचं चालणं पुसून नव्याने केलं. आता तो आधी खांदे गोळा करायचा, थांबायचा, मग पाय टाकायचा. चालण्यामागे त्याचा निश्चय दिसायला लागला. पप्पांना दाखवलं. त्यांनी आपली चाल ओळखली आणि विचारलं,

"पडल्यावर हा परत उठतो का?"

"हो. हाडं गोळा होतात आणि उठतो."

"दर वेळी?"

"खेळणारा कंटाळेपर्यंत."

"मग ठीक आहे," ते म्हणाले आणि पुन्हा एकदा लावायला सांगितलं.

लीडने नवा सांगाडा बघितला तेव्हा खुर्ची ओढून माझ्याशेजारी बसली आणि एवढंच विचारलं, "हे कुठून आणलंस?" मी सांगितलं. पुढच्या भागातले सगळे सांगाडे तिने माझ्याकडे दिले.

गेम बाजारात आला तेव्हा पप्पा वॉकर सोडून काठीवर आलेले. सुट्टीच्या दिवशी मी मोहन्याला गेले होते आणि खेळणाऱ्यांनी लिहिलेलं त्यांना वाचून दाखवत होते. बऱ्याच जणांनी तलवारींबद्दल लिहिलं होतं, काहींनी गेम अडकतो म्हणून तक्रार केली होती. एकाने लिहिलं होतं, "तळघरातला सांगाडा इतक्या कष्टाने उठतो, की तो पूर्ण उभा राहीपर्यंत मी वार करत नाही."

पप्पांनी चहाचा कप खाली ठेवला. "सभ्य माणूस दिसतो," ते म्हणाले आणि काठी घेऊन चौकापर्यंत फिरायला गेले.