न्देसांजो शिंप्याचे हेडफोन

न्देसांजो टांझानियातल्या आमच्या मोशी गावाच्या बसस्टँडमागे, धान्याच्या दुकानाच्या ओसरीवर शिवणयंत्र घेऊन बसतो. आमची ओळख चर्चच्या गायकवृंदातली. खालच्या पट्टीत गाणारे आम्ही आठजण. तीस वर्षं त्या आठांना पहिला सूर मी देत आलो. न्देसांजो माझ्या डावीकडे उभा राहायचा, आणि मला तो तिथेच बरा वाटायचा.

कापड आणायला तो दर महिन्याला बसने दार-एस-सलामला जातो. दिवसभराचा प्रवास, त्यात बसमध्ये मोठ्या आवाजात सिनेमे. म्हणून त्याने हेडफोन शोधायला घेतले. एकाने कान तापायचे, दुसरा डोक्याला चिमटा काढायचा, तिसऱ्यात गाणं डबा वाजवल्यासारखं. दोन वर्षं तो जुन्या मालाच्या बाजारात डोक्यावर एकेक चढवून बघत होता. विकणाऱ्या बायका हसायच्या, "न्देसांजो, बायको तरी एवढी पारखून केलीस का?"

"तिने मला पारखलं," तो म्हणायचा. "मला कुठे संधी होती?"

शेवटी एक मिळाला. आवाज स्वच्छ, पण कानाच्या गाद्या झिजून गेलेल्या. त्याने लोकर आत भरून, वर मऊ सुती कापड घालून नव्या शिवल्या. आता तो यंत्र चालवताना, बसमध्ये, केळी सोलताना, सगळीकडे हेडफोन लावून बसतो. वृंदाला गाणी शिकवणाऱ्या बाई, आइकांडे, नवं गाणं फोनवर पाठवतात. ते त्याला दोन दिवसांत पाठ. अख्खा वृंद त्याच्या ओसरीवर गाद्या शिवून घ्यायला जाऊ लागला.

मी गेलो नाही. मला त्याचं कौतुक ऐकवत नव्हतं.

"उरियोदादा, तुम्हालाही चांगला बघून देऊ का?" त्याने एकदा विचारलं.

"माझे कान आहेत मला," मी म्हणालो.

बाजारात जाऊन मी ज्यात खालचा आवाज सर्वांत जोरात घुमेल तो हेडफोन निवडला. खालच्या पट्टीत गाणाऱ्याला दुसरं काय हवं? छाती हलेल असा घुमायचा. ईस्टरचं नवं गाणं मी त्यावरच पाठ केलं. त्यात बायकांचा आवाज पुसटसाच येत होता, पण त्यांच्याशी मला काय करायचं होतं?

सरावाला बायका गात असतानाच मी जोरात सूर दिला. माझ्यामागून दोघे सुरू झाले. बाकीचे गप्प. बाईंनी हात थांबवला.

"उरियोकाका, अजून तुमची ओळ आली नाही."

"फोनवर तर इथेच येते."

"तो पेटीचा खालचा सूर आहे, काका. माणसं नंतर येतात."

मागून कोणीतरी बाई म्हणाली, "काकांना पेटीत घाला!" सगळे हसले. न्देसांजो हसला नाही. तो हसला असता तर मला त्याचा रीतसर राग तरी धरता आला असता.

दुसऱ्या दिवशी मी ओसरीवर गेलो. काही न विचारता त्याने आपले हेडफोन माझ्या डोक्यावर ठेवले आणि मागच्या सरावात फोनवर भरून घेतलेलं गाणं लावलं. एवढे हलके, की कानावर काही आहे हे कळेना. पेटी वाजली. बायका गायल्या. मग बऱ्याच वेळाने आम्ही आलो, आठही वेगवेगळे ऐकू येणारे. त्यात माझा आवाज किंचित खाली होता. प्रत्येक ओळीला थोडा खाली. शेजारचा न्देसांजो नेमका सुरात.

हे तो कधीपासून ऐकत असेल? आणि कोणाला बोलला नाही.

"कसे आहेत?" त्याने विचारलं.

"कानाला टोचतात."

त्याने ते घेतले, उजवीकडच्या गादीचा टाका उसवला, आतली लोकर बोटाने सारखी केली आणि पुन्हा शिवायला बसला. तो सुईत दोरा ओवत असताना मी म्हणालो, "रविवारी सूर तू दे. माझा घसा बसलाय."

मला वाटलं होतं तो म्हणेल, छे, दादा, तुमच्याशिवाय कसं होईल. त्याने दाताने दोरा तोडला.

"देतो," तो म्हणाला. "तुम्ही माझ्या डावीकडे उभे राहा."