आटपाडीच्या बागेत एक सेन्सर कोरडा पडला, त्या दिवशी

दाजींच्या हृदयाच्या ऑपरेशननंतर ते आणि ताई महिनाभर साताऱ्यात माझ्याकडेच होते. दाजींचा जीव मात्र आटपाडीच्या डाळिंबात. फौजेत वायरलेसवर नोकरी केलेला माणूस. निवृत्तीनंतर मातीत ओलावा मोजणारा सेन्सर रोवला, विहिरीवर अँटेना लावला आणि बाग मोबाईलवर आणली. सोमवारी सकाळी ते एकदम उठून बसले.

"खालचा तुकडा पार कोरडा दावतोय. मोटर हितनंच चालू करतो."

"आणि सेन्सरच बिघडला असला तर?"

मोबाईलवरच्या मोटरच्या बटणावर त्यांचं बोट थांबलं. फळं लिंबाएवढी. नको तेव्हा पाणी गेलं तर तडकणार, खरंच कोरडं असेल तर गळणार. बाग बघणाऱ्या शेवंताबाईंच्या नवऱ्याचा फोन लागेना. "मी बघून येते," म्हटलं आणि स्टँड गाठला.

पुसेगाव, दहिवडी करत म्हसवडला गाडी बदलायची. एसटीत बायकांना अर्धं तिकीट, पण पाणी घरूनच न्या. दहिवडीला वडापाव खाल्ला. म्हसवडनंतर माझ्या फोनची रेंज गेली, आणि दाजींनी बटण दाबलं तर नसेल ना, या विचाराने उघड्या माळाचं कौतुकही सुचेना.

बागेत शेवंताबाई खुरपत होत्या. सेन्सरची जागा मोकळी!

"ती काडी व्हय? इळा लागंल म्हनून म्याच काढली की. धुऊन ठिवलीया." शेडमधून त्यांनी फडक्यात गुंडाळलेला सेन्सर आणला. मग मूठभर माती दाबून दाखवली. गोळा झाला, म्हणजे ओल होती. "परवाच पानी दिलंय. काडी कशाची, मला कुनी सांगितलंच न्हाई."

मी बांधावर बसून हसत सुटले. सेन्सर परत रोवला. बागेत रेंज होती, फोन लावला.

"बटण दाबलं नाही ना?"

"बोट ठिवून बसलोय... चढतंय गं, आकडा चढतोय!"

मागून ताई ओरडली, "आवं, हळू! टाकं हायत!"

भाकरी-ठेचा खाऊन विटा, कडेगाव, कऱ्हाडमार्गे परतले. कडेगावचा हिरवा ऊस यावेळी डोळे भरून पाहिला.

घरी आल्यावर शेवंताबाईंचा नंबर दाजींना दिला. त्यांनी लगेच फोन लावला. "बाई, चुकलं माजं. तुमाला आदी सांगाय पायजे हुतं." मग ते आकडे वाचत राहिले आणि पलीकडून शेवंताबाई झाडांची हालत सांगत राहिल्या. अर्धा तास. मी सेन्सर बघायला गेले होते. आठवतो तो त्यांच्या मुठीतला मातीचा गोळा.

आता मोटर शेवंताबाईंना विचारल्याशिवाय चालू होत नाही.