नव्या गाडीवरचा फ्लेक्स

जिचा घात झाला ती माझी चुलतबहीण, शीतलताई. कधी झाला? गेल्या वर्षी, दसऱ्यानंतरच्या दुसऱ्या सोमवारी, बीडहून परत येताना, मांजरसुंब्याच्या घाटात. कुणी केला, हे मी वर्षभर कुणाला सांगितलं नाही. आईला नाही, मित्राला नाही. सोबत जे होते त्यांच्याही तोंडावर हात ठेवला.

गावकऱ्यांनो, तुम्ही मला ओळखता ते पत्रकांमुळं. "जाब द्या", "जाहीर निषेध" — ते लिहिणारा महेश मीच. दुसऱ्याचा गुन्हा मी चार ओळींत मांडतो. स्वतःचा मांडायला बसलो तर बघा, अजून गाडीपर्यंतही पोचलो नाही.

गाडी ताईची. केजला तिचं मेडिकल आहे. डावा पाय लहानपणापासून अधू, पायाला लोखंडी कॅलिपर बांधून चालते. क्लच दाबणं जमणार नाही म्हणून तिनं दसऱ्याला ऑटोमॅटिक घेतली, स्वतःच्या कमाईतून. तोवर आपल्या गावाहून, युसूफ वडगावहून, केजला दुकानात जायचं म्हणजे रोज कुणाची तरी विनवणी. भाऊ मोकळा आहे का, चुलता निघालाय का.

नवं इंजिन ती किती जपायची! पहिले हजार किलोमीटर एकदम रेस द्यायची नाही, ओझं भरायचं नाही, एकाच वेगात ताणायचं नाही. आम्ही हसायचो, बैलगाडी बरी म्हणायचो. ती म्हणायची, "मला चालाया शिकाया चार वर्सं लागली. हिला महिनाभर तरी देऊ का न्हाई?"

तीच गाडी मी मोर्चासाठी मागितली. ऊसतोडीला जाणाऱ्यांच्या मुलांसाठी वसतिगृह हवं होतं, टोळ्या निघायच्या आत. ताईनं किल्ली दिली ती त्या मुलांसाठी, माझ्यासाठी नाही. एवढंच म्हणाली, "ऐंशीच्या वर न्हाई. आन् पाचाच्या वर मानसं न्हाई." मी हो म्हणालो. आणि तिच्या दारातून वळताच, पुढच्या जाळीवर आमचा फ्लेक्स ताणून बांधला. इंजिनाला वारा तिथूनच मिळतो, हे कुणाच्या डोक्यात आलं? आमच्यात सगळ्यांच्याच गाड्यांना असे फ्लेक्स असतात. फ्लेक्सवर शब्द माझे होते: "विश्वासघात सहन करणार नाही."

बीडमध्ये काय झालं ते तुम्हाला माहीत आहे. आमचे नेते, भाऊ — ज्यांच्या एका हाकेवर मी कॉलेज सोडून रस्त्यावर आलो — चर्चेला आत गेले आणि गळ्यात हार घालून बाहेर आले. आंदोलन मागे! वसतिगृहाचं काय, विचारलं, तर खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "तू अजून लहान हायस." मोर्चात उन्हात बसलेल्या ऊसतोड बायांकडं त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. मला तो हात अजून खांद्यावर जाणवतो.

परतताना गाडीत आम्ही सात जण होतो. एसी चालू, पुढं फ्लेक्स तसाच, आणि माझा सगळा राग उजव्या पायात. घाटाच्या चढाला मी ॲक्सिलरेटर तळाला नेला. इंजिन ओरडत होतं. मला बरं वाटत होतं — खोटं कशाला सांगू? स्टिअरिंगमागं इंजिन तापल्याचा लाल दिवा लागला. मागून कुणीतरी म्हणालं, "लाल दिव्याची गाडी झाली बे आपली! मंत्रीच झालो!" सगळे हसले. मीही हसलो. आणि दाबत राहिलो.

घाट चढून आल्यावर वाफ निघाली. गाडी थांबवली, फ्लेक्स फाडला, ती थंड होऊ दिली. गावात शिरण्याआधी धुऊन घेतली. किल्ली देताना म्हणालो, "मस्त चालती ताई." त्या रात्री मी भाऊंविरुद्ध पत्रक लिहिलं, "गद्दारांना माफी नाही". लई वाजलं ते पत्रक.

दिवाळीनंतर गाडी निळा धूर सोडायला लागली, चढावर दम तोडायला लागली. शोरूमवाले म्हणाले, इंजिन नवं असतानाच कुणीतरी जबर तापवलंय. वॉरंटीत बसत नाही.

हे सगळं एका बाजूला ठेवा. गाडी तापवली, ती मूर्खपणात गेली. खरं सांगायचं ते पुढं आहे, आणि मी अजूनही शब्द शोधतोय.

ओसरीवर सगळे जमले होते. ताईचे वडील, म्हणजे आमचे नाना, चुलते, शेजारचे चार जण. नाना म्हणाले, "ब्रेक आन् रेसवर दोन्ही पाय एकदम दाबले आसतील हिनं." ताई म्हणाली, "न्हाई नाना, मी कधीच ताणली न्हाई." मग नाना माझ्याकडं वळले. "तू नेलतीस ना रं?"

एक शब्द पुरला असता. मी म्हणालो, "नेलती. पन सावकाश. ताईचाच पाय… कुठं पडतो ते तिला कधी कधी कळत न्हाई."

कुणीतरी हसलं. ताईनं माझ्याकडं पाहिलं नाही. तिनं स्वतःच्या पायाकडं पाहिलं, आणि मला दिसलं की तिला ते खरं वाटलं.

इंजिन दुरुस्त झालं. किल्ली नानांच्या खिशात गेली. आता ड्रायव्हर गाडी चालवतो आणि ताई मागे बसते. तो निघायचं म्हणाला की ती दुकान बंद करते. रस्त्यात लोक विचारतात, "काय ताई, पाय बदलला का?"

मला भाऊंनी फसवलं होतं, म्हणून मी असा वागलो? नाही. भाऊ ओसरीवर नव्हते.

परवा मी ताईला सांगितलं. ती औषधांच्या पट्ट्या लावत होती. लावता लावताच म्हणाली, "गाडीचं जाऊ दे मह्या. माझा पाय कावून काढलास मदी?" मी निघालो तेव्हा पाठमोरी म्हणाली, "मला यकटीला सांगून काय उपेग? जिथं बोललास तिथं बोल."

म्हणून हे छापलंय. ओसरीवर पहिली प्रत नानांच्या हातात देऊन, त्यांच्यासमोर वाचून, मगच तुमच्याकडं आलोय. किल्ली अजून त्यांच्याच खिशात आहे.

माझं खोटं तुम्ही वर्षभर गावभर फिरवलंत, हसत हसत फिरवलंत. आता हे फिरवा. माझं नाव घेऊन फिरवा. आणि ज्यांनी ज्यांनी तिच्या पायावरून तिला टोमणा मारला, त्यांनी तिच्या दुकानात जा आणि तिच्या तोंडावर तो परत घ्या.