जोमा म्हात्रेची तब्येत

जोमा म्हात्रेला "कसं काय?" असं विचारलं की तो आधी इकडेतिकडे पाहायचा आणि मग आवाज खाली आणून सांगायचा, "हाय. जरा कमीच हाय." सन पन्नास-बावन्नचा सुमार असेल. मी घणसोलीच्या शाळेवर नुकताच बदलून आलो होतो. शाळेसमोरच्या ओट्यावर हा माणूस दोन्ही कोपरं गुडघ्यांवर टेकून, पुढे वाकून बसलेला असायचा. त्याच्या छातीतली शिट्टी मला वर्गात फळ्यापाशी ऐकू यायची, त्यामुळे त्याचं ते "जरा कमीच" मला पटलं होतं. पुढे लक्षात आलं की भात चांगलं पिकलं तरी त्याचं उत्तर हेच. म्हैस दोन्ही वेळेला भांडं भरून दूध द्यायची, पण तिचंही जरा कमीच असायचं.

मी साताऱ्याकडचा. आमच्याकडे "देवाच्या कृपेने बरं आहे" म्हणायची रीत. इथे आगरी वस्तीत तसं म्हणणं म्हणजे नजरेला घरचा पत्ता देणं. मिठागरात पांढरीशुभ्र रास लागली तरी कुणी तिला चांगली म्हणायचं नाही. मी आल्या आल्या शेजारच्या बाळाला "काय गुटगुटीत आहे!" म्हणून बसलो. त्याच्या आईने त्याला उचलून आत नेलं ते दोन्ही गालांना काजळ फासूनच बाहेर आणलं, आणि पुढे आठवडाभर तिने माझ्याकडे पाहिलंही नाही. शेवटी जोमानेच मला शहाणं केलं.

"मास्तर, चांगला दिसला का गप बसाचा. नजर काय इचारून येते?"

"मग जोमाभाऊ, तुम्ही बरे आहात असं कधी म्हणणारच नाही?"

"बोलन ना. येकदाच बोलन, पार शेवटाला. मंग नजर लागून लागून काय लागनार?" असं म्हणून तो हसला, आणि हसल्यामुळे खोकला.

जोमा फौजेत शिपाई होता. गेला तेव्हा मिठागरातला गडी होता. काश्मीरच्या बर्फात दोन हिवाळे काढून परत आला तो हा दमा घेऊन. आडवं पडून झोपणं त्याला जमत नसे. फौजेने त्याला घरी पाठवलं, पण अपंगत्वाची पेन्शन काही दिली नाही. घर चालवायची त्याची बायको, हिरूबाई. उंच, रुंद खांद्यांची बाई. सकाळपासून मिठाच्या पाट्या डोक्यावरून खाडीतल्या मचव्यापर्यंत वाहायची. चुंबळीने तिच्या टाळूवरचे केस झडून वाटोळं टक्कल पडलं होतं, ते ती पदराखाली झाकून ठेवी. जोमा ओट्यावरून तिला जाताना बघायचा आणि येताना बघायचा. फौजेवर त्याचा राग नव्हता. त्याला पेन्शन हवी होती ती हिरूबाईच्या डोक्यावरची पाटी उतरावी म्हणून. हे तो मला स्पष्ट म्हणाला होता, आणि दुसरं काहीच त्याने कधी मागितलं नाही.

एके दिवशी त्याने पत्र्याच्या पेटीतून एक कागद काढून माझ्या हातात दिला. पेन्शन नाकारल्याचा तो कागद इंग्रजीत होता. माझं इंग्रजी मॅट्रिकपुरतं, पण तेवढंही गावात दुसऱ्या कुणाला नव्हतं, आणि अर्ज लिहिण्याची मला थोडी हौसच होती. कागद वाचला आणि मी चक्रावलो. हा विकार नोकरीमुळे झालेला नाही, तो भरतीच्या आधीपासूनचा आहे, असं त्यात लिहिलं होतं. आणि पुरावा म्हणून खाली एकच ओळ होती: शिपायाने स्वतः तसं सांगितलं आहे.

"जोमाभाऊ, तुम्ही डॉक्टरला काय सांगितलंत?"

"डागदरनं इचारला, पयले कवा काय व्हता का? मी बोललू, व्हता जरासा."

"होता का पण?"

"नव्हता."

मला राग आला. चांगलाच आला. मी आवाज चढवला, म्हणालो, एवढ्या एका शब्दासाठी तुमची बायको मीठ वाहतेय. जोमा ओट्याची कड नखाने खरवडू लागला.

"इस्पितलान माजे दोनी बाजूचे खाटंवर दोन पोरा व्हती," तो म्हणाला. "माजेच पोस्टवरची. आदले दिशी दोगंय गेली. सकाली डागदर आला नि मना इचारतो, तुना पयले कवा काय व्हता? त्या खाटा रिकाम्या. आनि मी मदीन बसून बोलू, मना कवा काय नव्हता, मी एकदम बरा व्हतो?"

मी दौत उघडली आणि अपिलाचा अर्ज लिहायला घेतला.

अपिलाला साक्षीदार हवे होते: भरतीआधी जोमा धडधाकट होता असं लिहून देणारे. मला वाटलं, अख्खा गाव लिहून देईल. मी कागद घेऊन दारोदार फिरलो. पाटलांनी मला बसवलं, चहा दिला, आणि जोमाच्या तरुणपणीच्या तब्येतीबद्दल विचारल्यावर म्हणाले, "तशी बरी व्हती, पन जरा कमीच." त्याच्या सख्ख्या मामाने तर "लानपनापासून नाजूक" असं सांगितलं. मी कपाळावर हात मारून घेतला. आपल्या माणसाची तब्येत चांगली होती असं कागदावर लिहून सरकारला पाठवायचं, म्हणजे मुलखाची नजर ओढवून घ्यायची. त्यातून आता तो आजारी. गावाचं जोमावर प्रेम होतं, आणि त्या प्रेमापायी त्याच्या बाजूने साक्ष द्यायला एक माणूस मिळेना.

शेवटी हिरूबाईनेच वाट दाखवली. पाटी उतरवता उतरवता म्हणाली, "मास्तर, आपले मानसांना काय इचारता? तलवलीला जा. तिकरं याचे दुस्मन हान."

तळवलीचे दुश्मन म्हणजे हुतूतूचे. दोन्ही गावांत वर्षानुवर्षं सामने होत, आणि जोमा घणसोलीचा चढाईचा गडी होता. तळवलीचा म्होरक्या कमळ्या पाटील. मी त्याच्या अंगणात बसून जोमाचं नाव काढलं मात्र, तो उसळलाच.

"नाजूक? कोन बोलला नाजूक? रेडा व्हता रेडा! आमी चौगं त्याचे पायाला धरून परलेले, तरी मेल्यानं दम नाय सोरला. आमाला खेचत खेचत रेषेला जेला!"

"हे लिहून द्याल?"

कमळ्याने विचार केला. "देन. पन आमी हरलो असा लिवू नका. रेषेला पोचला, एवराच लिवा."

मी तसंच लिहिलं. चौघांनीही अंगठे उठवले. तोंडाने एका दमात "हुतूतू" म्हणत चार माणसं ओढून नेणाऱ्याला दमा असूच शकत नाही, असा मुद्दा मी तीन परिच्छेदांत मांडला आणि त्या कागदावर फार खूश होऊन तो टपालात टाकला. काही महिन्यांनी उत्तर आलं. साक्षीदारांचं म्हणणं वाचलं, परंतु शिपायाचं स्वतःचं सांगणं त्याहून वजनदार. तरी शिपायाने बोर्डापुढे समक्ष हजर राहावं. म्हणजे सगळं पुन्हा जोमाच्या जिभेवर येऊन ठेपलं.

आम्ही तिघं होडीने ठाण्याला आणि तिथून मुंबईला गेलो. होडीत मी त्याची उजळणी घेतली. मी विचारायचं, "भरतीआधी काही त्रास होता?" आणि त्याने म्हणायचं, "काही नव्हता, साहेब." दहा वेळा म्हणून घेतलं. प्रत्येक वेळी तो म्हणायचा आणि मागाहून पुटपुटत पाण्यात थुंकायचा. ऑफिस दुसऱ्या मजल्यावर होतं. पाच पायऱ्यांवर जोमाचा श्वास संपला. हिरूबाईने पदर खोचला, त्याला पाठीवर घेतलं, दोन मजले चढली आणि वरच्या व्हरांड्यातल्या बाकावर त्याला उतरवलं. त्याच वेळी एक गोरटेला डॉक्टर सिगारेट विझवत तिथे उभा होता. तो आमच्याकडे बघून आत गेला.

बोर्डात तिघंजण होते आणि तो डॉक्टर मधल्या खुर्चीवर होता. मराठी माणूस निघाला. मला मदतनीस म्हणून बसू दिलं. हिरूबाई दारात उभी राहिली. डॉक्टरने कागद चाळले आणि विचारलं, "भरतीच्या आधी काही त्रास होता का?"

जोमाने माझ्याकडे पाहिलं. मग दाराकडे पाहिलं. त्याचे ओठ हलले आणि मिटले.

"व्हता, सायेब. जरासा."

बाजूच्या अधिकाऱ्याने टोपण काढून लिहायला सुरुवात केली. एवढी वर्षं मी मुलांना शिकवत आलो की मोठ्यांच्या मध्ये बोलू नये. त्या दिवशी मीच उठलो.

"साहेब, त्यांना आणखी एकच विचारा. बायकोची तब्येत कशी आहे म्हणून."

डॉक्टरच्या कपाळाला आठी पडली, पण त्याने विचारलं.

"तिचा काय सायेब," जोमा म्हणाला, "जरा कमीच हाय. अंगान काय नाय तिचे."

डॉक्टरने दाराकडे पाहिलं. हिरूबाईने सगळं दार भरलं होतं. दोन मजले नवऱ्याला वाहून आणून तिला अजून घामही आला नव्हता. लिहिणाऱ्याचं पेन थांबलं.

"यंदा भात कसं आहे?" डॉक्टरने स्वतःहून विचारलं.

"जरा कमीच, सायेब."

"आणि हे तुमचे मास्तर?"

"मास्तर?" जोमाने माझ्याकडे मायेने पाहिलं. "त्यांचा बी जरा कमीच."

तिघंही हसले. मीही हसलो. मग डॉक्टरने फायलीतून तळवलीचा कागद काढला आणि पहिल्यापासून पुन्हा वाचायला घेतला.

पावसाळ्याच्या तोंडावर पेन्शन मंजूर झाल्याचा कागद आला. मी तो ओट्यावर मोठ्याने वाचून दाखवला. जोमाने पेन्शन किती ते दोनदा विचारलं आणि म्हणाला, "जरा कमीच हाय ना?" हिरूबाईने पुढचं काही ऐकलं नाही. तिने पाटी परसात नेली, पालथी घातली आणि खाली कोंबडीची पिल्लं कोंडली. ती पाटी परत डोक्यावर चढलेली मी पाहिली नाही.

नंतर माझी बदली पनवेलला झाली. वर्षातून एकदा मी घणसोलीला जाऊन येई. साठ सालाच्या पुढची गोष्ट. गेलो तेव्हा जोमा ओट्यावर नव्हता. आत वळकटीला टेकून बसला होता. छातीतली शिट्टी आता ऐकू येत नव्हती, तेवढा वाराच आत राहिला नव्हता. हिरूबाई चुलीपाशी भाकरी थापत होती. मी नेहमीसारखं विचारलं, "कसं काय, जोमाभाऊ?"

या वेळी त्याने इकडेतिकडे पाहिलं नाही.

"बरा हाय, मास्तर," तो म्हणाला. "एकदम बरा. मना काय सुदा नाय."

भाकरीचा आवाज थांबला. हिरूबाईने पिठाचे हात तसेच घेऊन येऊन त्याच्याजवळ बसकण मारली. एरवी कुणी असं बोललं असतं तर तिने मीठमोहऱ्या उतरवल्या असत्या. ती उठली नाही.

मी त्या दिवशी परतीच्या वाटेला लागलो नाही. पनवेलला जाणाऱ्या एकाजवळ शाळेसाठी चिठ्ठी दिली, की दोन दिवस येत नाही. दोन दिवस पुरले.