अन्नपूर्णा पाण्यात होती तेव्हा

देवावर विश्वास असूनही त्याच्याशी अबोला धरावासा वाटतो, असे दिवस गेल्या हिवाळ्यात माझ्या वाट्याला आले. येरवड्यात एका मोठ्या बांधकामाशेजारी मजुरांच्या पत्र्याच्या खोल्या आहेत. तिथल्या अंगणवाडीत मी मदतीला जाते. त्या सोमवारी गेले, तर सोनीच्या खोलीचं दार सताड उघडं आणि आत एक भांडंही नाही. सोनी म्हणजे गोंदियाकडून आलेल्या रेखाची दोन वर्षांची मुलगी. "गावाकडं कुणीतरी वारलं म्हणून काल गाडीनं गेले," शेजारीण म्हणाली. कोण वारलं, कुठल्या गावी, हे तिलाही ठाऊक नव्हतं. रेखाच्या नवऱ्याचा फोन बंद लागत होता.

यात घाबरण्यासारखं काय, असं कुणाला वाटेल. अंगणवाडीत मुलांच्या दंडाला एक रंगीत पट्टी लावून बघतात. हिरवा रंग आला तर मूल ठीक. लाल आला तर ते इतकं खंगलेलं असतं की साधा खोकलाही त्याला घेऊन जाऊ शकतो. सोनी आली ती लालवर. औषधासारखा मोजून द्यायचा आहार, दर आठवड्याला वजन, असं करत ती पिवळ्यावर आली होती. आता हे मध्येच तुटलं तर पोर पुन्हा घसरणार. अंगणवाडी सेविका संगीताताईंनी आदल्या वर्षी असंच एक मूल अर्ध्यावर गावी गेलेलं पाहिलं होतं. ते परत आलं नाही.

सोनीला पिवळ्यापर्यंत आणायला किती जणी राबल्या होत्या! मी खडकीच्या कारखान्यात तपासणी विभागात उभा जन्म घालवला, त्यामुळे तिथल्या क्वार्टर्समधल्या मैत्रिणी अंडी पाठवायच्या. नारायण पेठेतलं आमचं भजनी मंडळ नाचणीचे लाडू वळायचं. भजनात सूर लागो न लागो, लाडू मात्र सगळे एका मापाचे. लोहगावच्या एक मामी दूध द्यायच्या. त्यांच्या शेतात आता टॉवर उभे आहेत, पण म्हशी त्यांनी विकल्या नाहीत. पैशांचं विचारलं तर म्हणाल्या, "म्हशी हायेत तवर दूध हाय. पैशाचं नाव काढू नका." मी काय केलं? उरलेल्या लोकरीचा एक स्वेटर विणला. गुलाबी लोकर संपली म्हणून एक बाही जांभळी झाली. "नवी फॅशन वाटतं," मंडळातल्या बायका म्हणाल्या. सोनीला मात्र तो इतका आवडला की अंगातून काढू द्यायची नाही.

संगीताताईंनी त्याच स्वेटरमधला सोनीचा फोटो, तिचं नाव आणि माझा नंबर लिहून, सेविकांच्या ग्रुपवर टाकला. "गोंदिया जिल्ह्यात कुणाला दिसली तर कळवा." त्या मला म्हणाल्या, "काकू, आपल्या हातात होतं ते झालं. आता तिकडच्या बायका बघतील." मला काही ते पटलं नाही. एवढ्या मोठ्या जिल्ह्यात, गावाचं नाव नसताना, कोण कुणाला शोधणार?

घरी आले ती तडक देवघराशी. लग्नात आईने दिलेली पितळेची अन्नपूर्णा आमच्याकडे तांदळावर बसवलेली असते. मोठं संकट आलं की आई देव पाण्यात ठेवायची. मी आयुष्यात कधी ठेवले नव्हते. मला ती देवावरची दमदाटी वाटायची. त्या दिवशी मात्र वाटीत पाणी घेतलं आणि अन्नपूर्णेला त्यात ठेवलं. म्हटलं, "नाव अन्नपूर्णा, आणि तुझ्या राज्यात पोरं उपाशी. शोभतं का हे? आता बस अशीच." बोलून टाकलं आणि रडू फुटलं. खूप वेळाने शांत झाले, तेव्हा जाणवलं की गेले काही महिने मी सोनीला माझ्या एकटीच्या जिवावर जगवायला निघाले होते. मग हात जोडले आणि म्हटलं, "पोर तुझी आहे. मला जमेल तेवढं मी केलं. पुढचं तू बघ." त्या रात्री मला झोप लागली.

पुढचे काही दिवस काहीच कळलं नाही. मग एका दुपारी मी भाजी निवडत असताना अनोळखी नंबरवरून फोन आला. "काकू, मी बालाघाटकडून बोलते. तुमची सोनी सापडली."

बालाघाट म्हणजे मध्य प्रदेश! रेखाचे वडील वारले होते, आणि तिचं माहेर नदीच्या पलीकडे, दुसऱ्या राज्यात. गोंदियात सगळ्या गावांत शोधलं असतं तरी ती मिळाली नसती. पण ही फोनवाली बाई पलीकडची अंगणवाडी कार्यकर्ती, आणि तिचं माहेर अलीकडे, गोंदियात. तिची वहिनी तिथली सेविका. वहिनीने सहज म्हणून तो फोटो नणंदेला पाठवला होता. "खरं सांगू काकू? ते गाव माझ्याकडं नाही. आमची बस बिघडली, म्हणून मी तिथं हातपंपावर पाणी प्यायला उतरले. तर समोर ही. एक बाही गुलाबी, एक जांभळी. मी हाकच मारली, सोनी! तिनं वळून बघितलं."

बस का बिघडली, ते मी विचारलं नाही आणि हा योगायोग की देवीची कृपा, असा कुणाशी वादही घातला नाही. सोनीला ताप होता. त्या बाईने तिला त्याच दिवशी दवाखान्यात नेलं. मूल महाराष्ट्रातलं की मध्य प्रदेशचं, हा प्रश्न तिथे कुणी काढला नाही. संगीताताई इथून फोनवर तिची सगळी वजनं सांगत होत्या, तिकडे ती बाई लिहून घेत होती. सोनी बरी होऊन आपल्या वडिलांच्या गावी, गोंदियाकडे गेली, तेव्हा नणंदेने तिला वहिनीच्या हाती सोपवलं. आणि एके दिवशी फोटो आला: सोनीचा दंड, आणि त्यावर हिरवा रंग. मी अन्नपूर्णेला पाण्यातून काढलं, कोरडं केलं, तांदळावर बसवलं. नैवेद्याला शिरा केला, आणि डबे भरून खडकीपासून लोहगावपर्यंत स्वतः वाटून आले. त्या दिवशी माझी मान इतकी ताठ होती की बघणाऱ्याला वाटावं, हिला कसलं तरी पदक मिळालं.

देवीने स्वतः काही केलं की नाही, ते मला सांगता येणार नाही. तिने बायकांना एकमेकींच्या हाती दिलं, एवढं मात्र मी पाहिलं. शरण जाणं म्हणजे हात टेकणं, असं मी समजत होते. आता वाटतं, आपल्या पुढे आणखी हात आहेत यावर भरवसा ठेवणं, म्हणजे शरण जाणं.

परवा बालाघाटहून पुन्हा फोन आला. "काकू, आमच्या गावचं एक लेकरू पुण्यात आलंय. लालवर आहे. खराडीकडं कुठं तरी काम चालू आहे, एवढंच माहीत आहे." संगीताताई आणि मी रिक्षा केली. तीन ठिकाणी फिरलो. चौथ्या ठिकाणी एक पोरसवदा आई दारात आडवी उभी राहिली, लेकरू पदराखाली लपवून. "कौन हो आप लोग?" तिने विचारलं.

आमचं नाव सांगून तिला काय कळणार होतं? मी तिच्या गावच्या ताईंचं नाव घेतलं. म्हटलं, "त्यांनी पाठवलंय."

ती दारातून बाजूला झाली, आणि तिने लेकरू माझ्या हातात दिलं.